सात नंबरची तक्रार

दोन हजार तीन साली मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून कॉम्प्युटरवरचा एक गेम केला होता. कॉलेज नुकतंच संपलं होतं. शाहूपुरीत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, असं ते घर. दुकानाच्या वरच्या खोलीत तागे रचून उरलेल्या जागेत आमचे दोन कॉम्प्युटर होते. गेम साधाच होता. वरच्या नळीतून रंगीत गोट्या पडायच्या, खाली रंगीत बरण्या असायच्या. ज्या रंगाची गोटी त्या रंगाच्या बरणीत झेलायची. चुकीची गोटी पडली की बरणी तडकायची, तिसऱ्या तड्याला फुटायची आणि खेळ संपायचा.

तेव्हा नेटकॅफेत एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की माणसं कंटाळून पंख्याकडे बघत बसायची. तेवढ्या वेळात खेळायला म्हणून चार कॅफेवाल्यांनी आमचा गेम आपल्या मशिनींवर टाकून घेतला. प्रत्येक काउंटरवर आम्ही दोरी बांधून एक वही ठेवली. पुठ्ठ्यावर मैत्रिणीने जाड अक्षरात लिहिलं होतं, 'गेमबद्दल काय वाटतं ते लिहा. आम्ही वाचतो आणि बदलतो.'

आणि आम्ही खरंच बदलायचो. शनिवारी सकाळी मी मोपेडवरून चारही कॅफे फिरायची, वह्यांतलं उतरवून घ्यायची. कुणी लिहायचं आवाज कर्कश आहे, कुणी लिहायचं चौथी पायरी फार अवघड आहे. आठवडाभर आम्ही त्यावर काम करायचो आणि पुढच्या शनिवारी कॅफेच्या भिंतीवर कागद चिकटवायचो: 'तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं.' त्या कागदाचा मला फार अभिमान होता. तरी दर शुक्रवारी रात्री मी सगळा गेम पुन्हा एकदा खेळून बघायची. कुणीतरी असं काही लिहील की सगळाच गेम खोटा ठरेल, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती.

राजारामपुरीतल्या कॅफेच्या वहीत एक तक्रार पुन्हा पुन्हा यायची. त्या कॅफेत लोक नावाऐवजी आपला मशीन नंबर लिहायचे. हा माणूस लिहायचा, 'गोट्या मधेच बदलत्यात. ही लबाडी हाय. सात नंबर.' पुढच्या शनिवारी पुन्हा, 'लबाडी अजून हाय. सात नंबर.' अक्षर मोठं, पेन दाबून लिहिलेलं.

"हरणारा माणूस असंच म्हणतो," मैत्रीण म्हणाली. "पत्त्यात हरला तरी पिसणाऱ्यावर आळ घेईल."

मला मात्र चैन पडेना. गोटीचा रंग ठरवणारी ओळ मी तीनदा वाचली. गोटी नळीतून निघताना जो रंग घेते तोच खाली पोचेपर्यंत राहतो, हे मी कागदावर मांडून बघितलं. चूक सापडली नाही, त्यामुळे धास्ती आणखी वाढली. सापडलेली चूक दुरुस्त तरी करता येते. सहाव्या शनिवारी त्याने लिहिलं, 'वाचतो म्हणता, मग बोलत का न्हाई? सात नंबर.'

त्यापुढच्या मंगळवारी मी त्या कॅफेत गेले. कॅफे चालवणारे काका निवृत्त मास्तर होते. मी विचारलं, "सात नंबरवर कोण बसतं हो?"

"अगं, तो न्हवं का. कागलकडचा पोरगा. फिटरचा आयटीआय केलाय. इथंच मागं खोली घेऊन राहतोय, भरतीचा अभ्यास करतोय. अकराला येतोय बघ, घड्याळ लावून."

अकराला तो आला. तेवीस-चोवीसचा, अंगाने दणकट, केस बारीक कापलेले. मी कोण ते सांगितल्यावर तो आधी लाजला, मग एकदम खुश झाला.

"तुम्ही केलाय व्हय गेम? मग बसा की म्याडम. दाखवतोच तुम्हाला."

प्लायवूडच्या त्या केबिनमध्ये मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तो खेळायला लागला. हात चपळ होता. निळ्या गोट्या, पिवळ्या गोट्या तो सहज झेलत होता. मग एक हिरवी गोटी आली. ती त्याने लाल बरणीत घेतली आणि बरणी तडकली.

"बगा! बगितलंसा? बरोबर झेलली का न्हाई मी?"

"ती हिरवी होती," मी म्हणाले.

"हिरवीच की. आन् ही हिरवी बरणी." त्याने लाल बरणीवर बोट ठेवलं.

मला वाटलं, मॉनिटर बिघडलाय. पण मला तर रंग नीट दिसत होते. तरी मी त्याला उठवून तीन नंबरवर नेलं. तिथेही तेच झालं. मी गेम थांबवला. पडद्यावर एक लाल गोटी आणि एक हिरवी गोटी शेजारी शेजारी अधांतरी राहिल्या.

"ह्या दोन्हींत फरक काय दिसतो?"

तो बराच वेळ वाकून बघत होता. "एक जरा मळकट हाय," तो म्हणाला. "बाकी एकच की. म्हणून तर म्हणतोय, तुमचं मशीन मनाला येईल ती गोटी हिरवी म्हणतंय आन् मनाला येईल ती लाल."

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात रंगांधळेपणा दोन ओळींत होता. त्या दोन ओळी परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. पण असा माणूस समोर बसलेला मी कधी बघितला नव्हता. माझ्या तोंडून काही निघण्याआधीच तो आनंदाने बोलायला लागला. नीट ऐकून घेणारं माणूस भेटलं की इकडची माणसं मोकळी होतात, तसा.

"हारलो म्हणून तक्रार न्हाय बरं म्याडम. आता थोडंच दिवस हाय मी हितं. रेल्वेची लेखी पास झालोय. मानसिक चाचणी बी झाली. असिस्टंट ड्रायव्हर. आता निस्तं मेडिकल ऱ्हायलंय, पुढच्या महिन्यात. मेडिकलला काय, अंग बगा की माझं. रोज धा किलोमीटर पळतोय."

मी हसले. "अभिनंदन" म्हणाले. "गेमचं बघते" असं सांगून निघाले. मोपेड सुरू केली आणि दुकानाचं वळण मागे टाकून सरळ पुढे गेले. इंजिन ड्रायव्हर. ज्याला लाल आणि हिरवा एकच दिसतो तो. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण माझ्या गेममध्ये त्याची बरणी फुटत होती.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने आधी गेम उघडून गोट्या बघितल्या. मग म्हणाली, "सोपं आहे. गोट्यांवर खुणा करू. लालवर चांदणी, हिरवीवर पट्टा. बरणीवरही तेच. त्याचा प्रश्न सुटला."

"त्याचा प्रश्न गेमचा नाहीये गं."

"आपल्याला त्याने गेमचंच विचारलंय. आपण गेम करतो, दवाखाना चालवत नाही. आणि मेडिकलमध्ये त्याला कळेलच की."

खुणा करायला दोन दिवस लागले. शनिवारी नवा गेम टाकला, भिंतीवर कागद लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी वही उघडली तर त्याच दाबलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'आता बरोबर झालं. लबाडी काढली. तुम्ही ऐकून घेता. आभारी आहे. सात नंबर.'

मैत्रिणीने ते पान फाडून आमच्या खोलीत लावलं. मला त्याच्याकडे बघवेना. तो समजत होता की चूक आमची होती आणि आम्ही ती कबूल केली. आमच्या सगळ्या वह्यांतलं ते सर्वांत मनापासून लिहिलेलं कौतुक होतं, आणि ते सरळ सरळ खोटं होतं.

मी काहीच केलं नाही असं नाही. आईला मोतीबिंदूसाठी ज्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो, त्यांना मी ओळखीतला एकजण आहे म्हणून विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक काढून दाखवलं. प्रत्येक चित्रात रंगीत ठिपक्यांमधून एक आकडा दिसत होता. "रेल्वेच्या मेडिकलमध्ये असंच काहीतरी दाखवतात," ते म्हणाले. "पण त्याला बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. घेऊन या त्याला."

बघितल्याशिवाय सांगू शकत नाही. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. डॉक्टर सांगू शकत नाहीत, तर मी कोण सांगणारी? चुकीचं निघालं तर? मेडिकलच्या तोंडावर त्याचा धीर मात्र जाईल. असं स्वतःशी बोलत मी एक आठवडा घालवला. मग धीर करून कॅफेत गेले, तर काका म्हणाले, "तो गावाकडं गेलाय." दोन दिवसांनी गेले, तरी आला नव्हता. खरं सांगायचं तर त्याचं केबिन रिकामं दिसलं की मला हायसं वाटायचं, आणि मोपेडवर बसेपर्यंत ते संपायचं. जेवताना, आईच्या डोळ्यांत औषध घालताना, मी दिवस मोजायची. त्याच्या गावचा पत्ता काकांकडे नक्की मिळाला असता. मी मागितला नाही.

तो भेटला तेव्हा मेडिकलला चारच दिवस राहिले होते. मला बघताच उठून उभा राहिला.

"सोमवारी मुंबईला मेडिकल हाय म्याडम! आईनं जोतिबाला नवस बोललाय. आल्यावर पेढं घेऊनच येतो बगा."

मी त्याला बाहेर, रसवंतीच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. फार वाईट पद्धतीने सांगितलं. आधी शास्त्र सांगितलं, मग डॉक्टर, मग ठिपक्यांचं पुस्तक. तो मध्येच म्हणाला, "म्हंजे मला काय झालंय?"

"झालं काही नाही. जन्मापासून असतं. तुला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत."

"दिसत्यात की!" त्याने समोरच्या झाडाकडे हात केला, मग रसवंतीतल्या उसाकडे. "झाड हिरवं. ऊस हिरवा. कुकू लाल. मला कळत न्हाय व्हय?"

"ते माहीत असतं म्हणून कळतं. गोट्यांचं माहीत नव्हतं."

त्याने हातातला रसाचा ग्लास बाकावर ठेवला. मग आवाज चढला. रसवाला वळून बघायला लागला.

"गोट्यांची चूक तर तुमची हुती. तुम्हीच सुधारलीसा. भिंतीवर कागद लावलासा. चूक नव्हती तर बदललासा कशाला?"

ह्या एका वाक्याला आजही माझ्याकडे नीट उत्तर नाही. आम्ही खुणा केल्या नसत्या, तर तो भांडत राहिला असता, कुणीतरी कधीतरी त्याला सांगितलं असतं. आम्ही त्याचं ऐकलं, आणि तसं करून त्याची खात्री पक्की केली की त्याचे डोळे बरोबर आहेत.

तो थोडा शांत झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "ते ठिपक्यांचं पुस्तक कुठं मिळतंय? सगळं आकडं पाठ करतो. पाठांतर चांगलं हाय माझं."

"आणि मग सिग्नल?"

रसाचा ग्लास तसाच राहिला. "शेजारी मोठा ड्रायव्हर असतोय की," एवढं म्हणून तो उठला आणि निघून गेला.

त्यानंतरचे दोन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. तो पास होईल या भीतीने मी पेपर उघडत नव्हते, जणू पुढच्याच दिवशी अपघाताची बातमी येणार होती. आणि नापास होईल या भीतीने राजारामपुरीकडून जात नव्हते. तो नापास व्हावा असं मला वाटत होतं. असं वाटतंय याची इतकी लाज वाटत होती की मैत्रिणीलाही मी ते बोलले नाही. त्या दोन्ही शनिवारी वह्यांतलं उतरवायला तीच गेली.

एका दुपारी दुकानातून तिच्या आईने हाक मारली, "वर कुणी पावणं आल्यात बगा." जिन्यात तो उभा होता. वर येऊन ताग्यांच्या शेजारी उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"पयल्याच टेबलावर काढलं," तो म्हणाला. "पुस्तक उघडलं, मी एक आकडा सांगितला, ते म्हणालं दुसरा. चार पानं झाली, आन् म्हणालं, जावा."

मैत्रीण पाणी आणायला खाली गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"एक इचारतो. तुम्हाला कळलं कवा?"

खोटं सांगता आलं असतं. "त्याच दिवशी," मी म्हणाले. "तुझ्याशेजारी बसले होते तेव्हा."

त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हंजे तीन आठवडं तुम्हाला म्हायीत हुतं."

"हो."

"त्या तीन आठवड्यांत हितल्या कारखान्यात फिटरच्या जागा निघाल्या हुत्या. मामा म्हणत हुता, फारम भर. मी म्हटलं, रेल्वे असताना फारम कशाला? तारीख गेली." तो ओरडला नाही, हेच जास्त लागलं. "मी तुम्हाला सहा शनिवार लिवलं. एक गोष्ट सारखी लिवली. आन् तुम्हाला कळल्यावर तुम्ही मला चांदण्या काढून दाखवल्यासा."

मैत्रीण पाणी घेऊन वर आली तोवर तो जिना उतरत होता. "घ्या की पाणी," ती म्हणाली, तर त्याने तिच्या हातातून तांब्या घेतला, उभ्यानेच प्याला, आणि तांब्या परत देऊन गेला.

त्यानंतर मी त्याच्यासाठी काय केलं? शिरोलीच्या एका फाउंड्रीत माझ्या वडिलांचे मित्र होते, त्यांच्याकडे शब्द टाकला. डोळ्यांचं आधीच सांगितलं. ते म्हणाले, लेथ मशीनवर चालेल, तिथे रंग बघावे लागत नाहीत. निरोप मी काकांच्या हाती दिला, स्वतः गेले नाही. महिन्याभराने काका म्हणाले की तो कामावर लागला. माझ्या शब्दामुळे की स्वतःच्या ओळखीने, ते मी विचारलं नाही.

आमचा गेम आणखी वर्षभर चालला. नेट वेगवान झालं, माणसांना वाट बघावी लागेना, तसा तो बंद पडला. मैत्रीण लग्न होऊन बेळगावला गेली. मी पुण्यात मोबाइलवरचे गेम करणाऱ्या एका कंपनीत लागले. तिथे वह्या नव्हत्या. खेळणाऱ्यांच्या तक्रारी ढिगाने यायच्या आणि एक मुलगी त्यांची वर्गवारी करून आकडे द्यायची. पहिल्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं, "एकेक वाचत बसू नका. जास्तीत जास्त लोक काय म्हणतायत तेवढं बघा." ते चूक नव्हते. तरी मी जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन एकेक वाचायची. जो माणूस एकच गोष्ट तीनदा लिहितो, त्याच्यापाशी अडायची. हा काय सांगतोय, आणि त्याला स्वतःला न कळता काय सांगतोय? बहुतेक वेळा काहीच नसायचं. माणूस फक्त चिडलेला असायचा. पण माझी भाजी गार व्हायची.

दोन हजार आठमध्ये सुट्टीला आले होते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात कुणीतरी "म्याडम" म्हणून हाक मारली. तोच होता. अंग सुटलं होतं, मिशी ठेवली होती. बरोबर बायको, टोमॅटो निवडत होती.

"ह्या म्याडमनं गेम केलता," त्याने तिला सांगितलं, आणि मला म्हणाला, "भाजी हिच्याकडंच असती. मी आणली की कच्चीच येती." ती हसली. तिला सगळं माहीत असावं.

मी विचारलं, काम कसं आहे. बरं आहे म्हणाला. लेथवरून आता दोन मशिनींवर बघायला ठेवलंय. बोलता बोलता म्हणाला, "माझ्या मामाचं बी तसंच निघालं. त्या टायमाला घरात सगळ्यास्नी इचारलं. साठ वरसं कुणाला पत्ता न्हवता."

मला माफी मागायची होती. पाच वर्षं ती वाक्यं मी मनात जुळवली होती. पण बाजारात, भाजीवालीच्या हाकांमध्ये, त्याच्या बायकोच्या देखत, ती सुरू कुठून करावी कळेना. तेवढ्यात तोच म्हणाला, "अजून गेमच करतासा?"

"हो."

"लोक लिवत्यात का अजून?"

"खूप लिहितात."

"मग वाचतासा?"

"वाचते," मी म्हणाले. "सगळं होत नाही. पण वाचते."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. बायकोने पिशवी त्याच्या हातात दिली. कागलची गाडी सुटेल म्हणून ती दोघं घाईने गर्दीत शिरली. मी तिथेच उभी होते. भाजीवाली दोनदा "काय देऊ ताई" म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मघापासून वाट अडवून उभी आहे.